दुर्बिणीखालची अक्षता

दुर्बीण कुठली घेतलीस, हे मला सगळे विचारतात. माउंट कुठले घेतलेस, हे एक माणूस विचारत नाही. अरे बाबांनो, दुर्बीण विलायतेहून आलेली असू दे, ती रायफलीला धरून ठेवणारे ते दोन पंजे जर हलले, तर तुमची दुर्बीण म्हणजे लग्नात आहेर आलेलं भिंतीवरचं घड्याळ. दिसतं छान, वेळ चुकीची.

माझी रायफल हवेची आहे, स्प्रिंगवाली. लोअर परळला एका बंद गिरणीच्या गोडाऊनमध्ये आमचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथे मी दर रविवारी जाते. बाकीचे दिवस परळच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनवर बसून लोकांना 'उपाशीपोटी आलात ना?' असं विचारते. राहते लालबागला, चाळीत, बाबांबरोबर. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. दोन खोल्यांत रायफल ठेवायची कुठे, तर माळ्यावर, गाद्यांच्या मागे. तिथे दुर्बिणीसकट मावत नाही, आणि पावसाळ्यात माळा असा दमट होतो की काचेवर बुरशी धरेल. म्हणून दुर्बीण उतरवायची आणि कपाटात, आईच्या साड्यांच्या खणात ठेवायची. रविवारी परत चढवायची.

आता आली का गोम? साधे माउंट दर वेळी स्क्रू पिळून काढा-घाला केले की झीरो जातो. झीरो म्हणजे काय, तर दुर्बिणीतली फुली जिथे टेकवाल तिथेच छर्रा लागणं. एकदा मेहनतीने जुळवायचा असतो तो. तर मला हवे होते झटपट निघणारे माउंट, म्हणजे स्क्रूऐवजी अंगठ्याने दाबायचा खटका, आणि तरीही परत बसवल्यावर झीरो जागच्या जागी. पहिले घेतले ते ऑनलाइन, अॅल्युमिनियमचे. दिसायला काय रुबाब! पण दर रविवारी छर्रा नवीन गावाला. दुसरे घेतले, ते बरे निघाले, पण स्प्रिंगची रायफल सुटताना पुढेमागे दोन धक्के देते, त्या धक्क्यांनी ते मागे सरकायचे. मग मात्र मी हट्टाला पेटले. पोलादी घेतले. त्याला खाली एक खुंटी, ती रायफलीवरच्या भोकात बसते, की मागे सरकायची बिशाद नाही. खटका किती घट्ट हवा, तो अंगठ्याने बसेल पण सहज उघडणार नाही, असा स्वतः लावून घेतला. मग काढली दुर्बीण, लावली, झाडला छर्रा. परत काढली, लावली, झाडला. सगळे छर्रे एका भोकात. क्लबचे यशोधन सर, ज्यांचे कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की दात दुखतात, तेसुद्धा तो निशाण्याचा कागद हातात घेऊन म्हणाले, "हे माउंट विकू नकोस हं कधी."

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती. दुर्बीण गटात क्लबकडून एकच जागा. निवड झाली तर डिसेंबरमध्ये तीन आठवडे बाहेर, आधी शिबिर, मग स्पर्धा. आधीच्या दोन्ही वर्षी माझी थोडक्यात हुकली होती. यंदा सरावात माझ्या जवळपास कोणी नव्हतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, क्लबात कुणालाही विचारा.

दसऱ्याला माझा दादा, हितेंद्र, वहिनीला घेऊन डोंबिवलीहून आला. दादा सरकारी ऑफिसात आहे. बढती येणार येणार म्हणून गेली काही वर्षं कपड्यांना कडक इस्त्री करून बसलाय. बाबा गिरणीत फिटर होते, त्यामुळे आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा म्हणजे गणपतीच्या खालोखाल. पाने, हातोडी, आईची विळी, सगळं घासूनपुसून पाटावर. गिरणी गेली, पाने राहिले. आणि हल्ली पाटावर माझी रायफलपण असते. बाबांना तिचा अभिमान आहे की लाज वाटते, ते मला कधी कळलं नाही, पण पूजेला ती त्यांना लागते.

"मी करते ना पूजा रायफलीची," मी आदल्या दिवशी म्हटलं होतं.

"पूजा झिलान करूची असता गो," बाबा म्हणाले. "चेडवान नाय. हितू येतलो."

झालं. पूजा मुलाने करायची, मुलीने नाही. माझी रायफल, मी हप्ते फेडून घेतलेली, मी तेल घालते, मी पुसते, आणि हळद-कुंकू लावणार कोण, तर वर्षातून दोनदा येणारा चिरंजीव. मी वाद घातला नाही. मला लॅबला सुट्टी नव्हती, दसऱ्याला काय लोकांच्या रक्तातली साखर कमी होते? मी गेले कामावर.

संध्याकाळी आले तर पाटावर रायफल झेंडूचा हार घालून बसलेली, आणि दुर्बीण वर चढवलेली.

"ही कोणी लावली?"

"मी," दादा म्हणाला. हातात श्रीखंडाची वाटी. "दुर्बिणीशिवाय काय पूजा? अर्धवट वाटत होतं. कपाटातून काढली, लावली. मग हिला बघायची होती म्हणून परत काढली."

"किती जवळ दिसतं हो वन्सं!" अपूर्वा वहिनी खिडकीकडे हात करून म्हणाली. "समोरच्या टॉवरमध्ये एक बाई कपडे वाळत घालत होती, तिच्या गाऊनवरची फुलंसुद्धा मोजता येत होती. बाबांनी पण बघितलं."

"बघितलंय," बाबा म्हणाले. "देवीची मिरवणूक चलली होती, ती पण बघितलंय."

"आणि मग परत लावलीत?"

"अगं, घाबरतेस काय एवढी? तूच मागे दाखवलं होतंस ना, खटका दाबला की बसतं. दाबला, बसलं." दादाने चमचा चाटला. "जरा जोर लावायला लागला, पण बसलं."

जरा जोर लावायला लागला. मी पुढे झाले तशी बाबांनी माझा हातच धरला. "आज हत्यार उचलूचा नाय. उद्या सकाळी उचल." पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या रात्री हलवायचं नाही, हे आमच्या घरात मी जन्मल्यापासून आहे. गिरणीतसुद्धा म्हणे त्या दिवशी साचे, म्हणजे माग, थांबायचे.

सकाळी मला वेगळाच धक्का बसला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "आमीव येतो," म्हणाले. इतकी वर्षं मी त्या गोडाऊनमध्ये जाते, एकदा पाऊल ठेवलं नव्हतं त्यांनी. दादाची गाडी होतीच, वहिनीपण निघाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. वाटलं, चला, आज बघतील तरी मी काय करते ते. गाडी होती म्हणून दुर्बीण उतरवली नाही, रायफल तशीच मांडीवर घेऊन बसले.

म्हणाल, तपासलं का नाही? तपासलं. खटका चाचपला, दगडासारखा घट्ट होता. नजर जुळवायला सुरुवातीला थोडा वेळ देतात, त्यात छर्रे जरा डावीकडे लागले. म्हटलं, गाडीत हिसका बसला असेल. दुर्बिणीची कळ फिरवली, आले मध्यावर. खरी चाचणी सुरू झाली. पहिला कागद असा गेला की मागे कोणीतरी 'क्या बात है' म्हणालं. मी मागे वळून बाबांकडे बघितलं. ते वहिनीला काहीतरी विचारत होते.

दुसऱ्या कागदावर छर्रा वर गेला. म्हटलं, श्वास चुकला. पुढचा खाली. त्याच्या पुढचा उजवीकडे. मी कळ फिरवायची आणि छर्रा मी सोडून सगळ्यांचं ऐकायचा. तिसरा कागद अर्ध्यात आला तेव्हा मी दुर्बिणीला हात लावला, तर ती हलली. माझी दुर्बीण, त्या पोलादी माउंटांवर, खुळखुळ्यासारखी हलली. सकाळी दगड होता तो खटका आता नुसत्या नखाने उघडला.

दुर्बीण उचलली. खाली रायफलीच्या खाचेत लाल भुगा. मला कळायला वेळ लागला, मग कळलं. अक्षता. कुंकवात कालवलेला तांदूळ. हितेंद्ररावांनी पूजा केली, अक्षता वाहिल्या, मग बायकोला टॉवर दाखवायला दुर्बीण काढली आणि त्याच अक्षतांवर परत दाबून बसवली. जोर लावून. दाणे मध्ये होते तोवर खटका घट्ट लागत होता, मग एकेक धक्क्याबरोबर दाण्यांचं पीठ होत गेलं.

मी हात वर केला. यशोधन सर आले, वाकून बघितलं, लाल भुगा बोटावर घेतला.

"हे काय आहे?"

"तांदूळ, सर. पूजेतले."

ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी आमच्या क्लबचा नियम सांगितला, जो मला पाठ होता. नेमबाजाच्या स्वतःच्या हातून बिघाड झाला तर तसंच पुढे खेळायचं. दुसऱ्या कुणी हात लावल्यामुळे झाला असेल, तर घड्याळ थांबवतात, झीरो नव्याने जुळवायला देतात, आणि बिघडलेला कागद परत मारू देतात. "पण त्या माणसाने इथे येऊन सांगायला हवं," सर म्हणाले. "दोन ओळी लिहून द्यायला हव्यात. नाहीतर उद्या ज्याचा त्याचा नेम चुकला की घरच्यांवर ढकलायचा."

"माझा भाऊ आहे इथेच," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मी तेव्हा हुश्श केलं. काम झालंच की! दोन ओळी. मी स्वतः जाऊन दादाला हाताला धरून आणलं. बाबा मागून आले.

"दादा, काल दुर्बीण तू काढून परत लावलीस ना, तेवढं सरांना सांग. अक्षता अडकल्यात खाली."

दादाने सरांकडे बघितलं. मग सरांच्या हातातल्या कागद-पेनाकडे बघितलं.

"लिहून द्यायचं म्हणजे कसं?" त्याने विचारलं.

"रायफलीची दुर्बीण मी हाताळली होती, एवढंच. खाली नाव आणि सही."

"नाही, म्हणजे..." दादाने घसा खाकरला. "मी काही हाताळली वगैरे नाही. पूजा केली फक्त. लांबून फुलं वाहिली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दादा, काय बोलतोयस? काल तूच म्हणालास, जोर लावायला लागला म्हणून!"

"तुझा काहीतरी गैरसमज होतोय, दर्शू." मग तोंड माझ्या कानाजवळ आणून, दातांतून, "सरकारी नोकरी आहे माझी. बढतीची फाइल वर गेलीये. बंदुकीच्या भानगडीत सही करू? अक्कल आहे का तुला?"

"हवेची रायफल आहे! जत्रेत फुगे फोडतात तिची मोठी बहीण!"

"कागदावर रायफलच लिहिणार ना?"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीला एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं होतं. मग मी बाबांकडे वळले. बाबांनी काल स्वतः त्या दुर्बिणीतून देवीची मिरवणूक बघितली होती.

"बाबा, तुम्ही सांगा. तुमचं चालेल. चालेल ना, सर?"

"चालेल," सर म्हणाले. "काका, घरात कुणी काढली-लावली होती का?"

बाबा ताठ उभे राहिले. बाहेरच्यांशी बोलताना ते मालवणी सोडून अगदी पुस्तकातली मराठी बोलतात. "आमच्या घरात पूजेच्या हत्याराला कोणीही हात लावत नाही, साहेब," ते म्हणाले. "तशी पद्धतच नाही."

घड्याळ चालू होतं. सर म्हणाले, "दर्शना, मग मला काही करता येणार नाही."

मी भुगा फुंकरून काढला, माउंट पुसले, दुर्बीण लावली, खटका दाबला. नीट बसला, अगदी जसा बसायला हवा तसा. पण कळ मी इतक्यांदा फिरवली होती की आता झीरो कुठे आहे ते त्या देवीलाच ठाऊक. जुळवायला कागद नाही, प्रत्येक छर्रा मोजला जाणार. चुकत चुकत जुळवला. शेवटचे सगळे मध्यात गेले. त्याने काय होतंय? आरोही नावाची दादरची मुलगी निवडली गेली. चांगली मुलगी आहे, येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि मी तिला मनापासून शाबास म्हणू शकले नाही, याचासुद्धा राग मी घरच्यांच्याच खात्यावर टाकते.

सगळे गाडीकडे गेले. मी सामान आवरायला थांबले. सर आले आणि बाजूच्या बाकावर बसले.

"एक सांगू? तू रागावणार नसशील तर."

"आता कसला राग, सर?"

"मी तुझ्या वडिलांना मघाशी बाजूला घेतलं होतं. तू परत नेम धरायला बसलीस ना, तेव्हा. म्हटलं, काका, सही नको, नाव नको. नुसतं तोंडी 'हो' म्हणा, मी अजूनही घड्याळ थांबवतो. कागद इथून बाहेर जाणार नाही, मुलाच्या नोकरीला काही होणार नाही." सरांनी आवाज खाली आणला. "माझी समजूत होती की ते घाबरलेत."

"मग?"

"म्हणाले, साहेब, ही निवडली गेली तर तीन आठवडे जाणार. मग मी कुठे राहू? मुलाकडे सुनेला जमत नाही. मुलगा कालच म्हणाला, तेवढं तुम्ही तिला समजवा." सर उठले. "म्हणाले, जाऊ द्या, खेळ आहे, हुकतो कधी कधी."

इतकी वर्षं मी समजत होते की बाबांना माझा खेळ कळत नाही. म्हातारा माणूस, गिरणीतला, त्याला काय कळणार झीरो आणि माउंट! म्हणून मी त्यांच्यावर चिडायची नाही. पण कळत होतं त्यांना. एका 'हो'ने मला काय मिळणार होतं हे त्यांना चांगलं कळत होतं, आणि त्यांनी ते तोललं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तीन आठवड्यांची दोन वेळची पोळी-भाजी. आणि दादा बढतीबिढती सांगत होता माझ्या कानात. भिकारडा! बापाला तीन आठवडे घरात ठेवायचं नव्हतं, एवढंच होतं ते.

गाडीत बसलो. करी रोडच्या पुलावर अडकलो तेव्हा दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी आहेच की."

लालबागला उतरलो. बाबा दारात चपला काढता काढता म्हणाले, "रातीक जेवाक काय करतलंस? हितूपण जेवान जातलो."

मी रायफल कॉटवर ठेवली. कपाटावरची बॅग काढली, तीच, जी मी डिसेंबरसाठी धुऊन ठेवली होती. बाबांचे शर्ट घातले, लेंगे घातले, टॉवेल, दाढीचं सामान, रक्तदाबाचं औषध. वहिनी आधी बघत होती, मग तिच्या लक्षात आलं.

"वन्सं, हे काय करताय?"

"बाबांची बॅग भरते. तीन आठवडे तुमच्याकडे."

"पण... अहो, तुमची निवड तर नाही ना झाली?" वहिनी दादाकडे बघायला लागली.

"नाही झाली," मी म्हटलं. "तरी तीन आठवडे."

दादाने तोंड उघडलं. मी म्हटलं, "एक शब्द बोललास ना, तर तुझ्या ऑफिसात येईन, लेखी घेऊन." लेखी या शब्दाला घाबरणारा माणूस आहे, त्याच्यापुढे दुसरं काही चालत नाही.

खरं म्हणजे मला वाटलं होतं की बाबा ओरडतील. आई असताना ओरडायचे तसे, चाळ गोळा होईपर्यंत. मी त्याची वाट बघत होते, मला भांडायचंच होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काढलेल्या चपला परत पायात घातल्या. यशोधन सरांनी मला सांगितलंय हे त्यांना कळलं असावं. दादाने बॅग उचलली. वहिनी आधीच जिन्यात होती.

दारातून बाबा वळले.

"चष्मो घातलंस?"

"घातला, बॅगेत."

"बरा," म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले. रोज मी त्यांचा दुसरा हात धरते. आज दादाचे दोन्ही हात बॅगेत गुंतले होते, वहिनी खाली गाडीपाशी पोहोचली होती. मी दारातून बघत होते. बाबांचा एक पाय जरा चुकला, त्यांनी मागे बघितलं नाही, आणि मी जागची हलले नाही.